वर्ष फुकट गेलं असं वाटतंय? आधी बरण्या उतरवा

तुम्ही लिहिलंय की वय ४१, घर फोंड्याला, नोकरी पणजीत, रोज कदंब बसने येणं-जाणं, नवरा जहाजावर, मुलगी आठवीत, आणि नोव्हेंबरात सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हापासून त्या अंथरुणाला. गेल्या जानेवारीत वहीत पाच गोष्टी लिहिल्या होत्या, वजन, पहाटेचं चालणं, खात्याची परीक्षा, दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकणं आणि मोबाईल कमी, त्यातली एकही झाली नाही. "वर्ष फुकट गेलं मॅडम, आता स्वतःला बदलायचंच आहे, पण मागच्या वर्षाकडे नेमकं बघायचं कसं?" असा तुमचा प्रश्न. मी अठरा वर्षं समुपदेशनाचं काम करतेय आणि डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या कितीतरी माणसांच्या तोंडी हेच असतं, वर्ष फुकट गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, ते वाक्य तूर्त बाजूला ठेवा. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही, पण तुम्हालाही अजून माहीत नाही, कारण तुम्ही वर्ष बघितलेलंच नाहीये, तुम्हाला फक्त ते आठवतंय. आणि आठवण शेवटाला फार धरून असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग केला होता, लोकांना एकदा १४ अंश थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला लावला, आणि दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, पण वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशाने गरम केलं, म्हणजे तेव्हाही गारच होतं. मग विचारलं की परत करायचं तर यातलं कुठलं कराल, तर बहुतेकांनी लांबलेलं दुसरंच निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा बरा, म्हणून सगळंच बरं वाटलं. तुमच्याकडे नेमकं उलटं झालंय. नोव्हेंबर-डिसेंबर रात्रीची जागरणं, डायपर, नवरा फोनवरच, अशात तुम्ही वही उघडली आणि त्या दोन महिन्यांनी मागच्या दहा महिन्यांवर शाई ओतली. जानेवारी ते ऑक्टोबर तुम्ही काय केलंत? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाहीये. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

माझं लहानपण डिचोलीला गेलं. मे महिन्यात पुरुमेंत व्हायचं, पावसाच्या चार महिन्यांची बेगमी, मिरच्या, सोलां, चिंच, हळद, सुकी सुंगटां, सुके बांगडे, खडेमीठ. आई बाजारात जाण्याआधी एक दिवस फळीवरच्या सगळ्या बरण्या खाली उतरवायची. एकेक उघडून वास घ्यायचा, तळाशी काय उरलंय बघायचं, कशाला बुरशी धरलीय, कुठल्या बरणीला हातच लागला नाहीये, आणि सारखं स्वतःशी बोलणं चालू, मिरच्या चवथीआधीच, म्हणजे गणेशचतुर्थीआधीच, संपल्या होत्या, तेव्हा दीर मुलांना घेऊन आले होते म्हणून, यंदा दोन किलो जास्त. बांगडे तसेच पडले, कोणी खात नाही आता, यंदा नको. तिने कधी "गेल्या वर्षी मी वाईट संसार केला" असं म्हटलेलं मला आठवत नाही. काय आणलं होतं, काय झालं, का संपलं, बस, त्यावरनं यादी व्हायची. मी लोकांसोबत वर्षाचा जो आढावा करते तो इतकाच आहे, नंतर कितीही अभ्यास केला तरी यापेक्षा बरी पद्धत मला मिळालेली नाही. आपण काय करतो, तर बरण्या न उघडताच सरळ बाजाराला जातो आणि दरवर्षी तीच यादी घेऊन जातो. तुमच्या पाच गोष्टी बघा, त्याच्या आदल्या वर्षी पण जवळपास याच असतील.

आता बरण्या म्हणजे काय, तर वर्षाच्या ज्या खुणा तुम्ही मुद्दाम ठेवलेल्या नाहीत त्या. फोनची गॅलरी, जीपेचं किंवा बँकेचं स्टेटमेंट, आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. कालनिर्णय जुनं म्हणून काढून टाकलं असेल तर रद्दीतनं परत आणा, खरंच, कारण त्या चौकटींत तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं, गॅस आला, दूधवाल्याचे, शाळेची मीटिंग, आईंचा बीपी. एका कागदावर बारा महिने उभे लिहा आणि प्रत्येकापुढे फक्त काय झालं ते टिपत जा. चांगलं-वाईट लिहायचं नाही, "मी आळस केला" लिहायचं नाही. "जून, रोज पाऊस, बस दोनदा बंद पडली, मुलीला ताप ९ दिवस" असं.

हे काय दाखवतं ते स्वतःचंच सांगते. काही वर्षांपूर्वी आई आजारी होती, आणि त्या डिसेंबरात मी पण म्हणत होते की या वर्षात माझ्याकडून काहीच झालं नाही, ना वाचन, ना लिहिण्याचं ठरवलेलं काम. मग इतरांना सांगते तसं म्हणून गॅलरी उघडून जानेवारीपासून खाली येत गेले. जूनपर्यंत नेहमीचं, माणसं, जेवणाची ताटं, आंगण. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकाही माणसाचा फोटो नाही. नुसते कागद. प्रिस्क्रिप्शन, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पट्ट्या उलट्या करून काढलेली नावं, एका फोटोत हॉस्पिटलच्या लिफ्टबाहेरची पाटी, कारण मला वॉर्ड लक्षात राहात नव्हता. दोन महिन्यांत ६३ फोटो, मी मोजले. त्यानंतर एकदम चवथीची माटोळी, गणपतीच्या वर फळं-रानफळं बांधतात ती, आणि ती पण अर्धीच बांधलेली, चार नारळ, एक चिबूड, तोरिंजन, थोडी कांगलां, बाकी नुसत्या दांड्या, कारण रानात जायला त्या वर्षी कोणी नव्हतंच. तो फोटो बघून मी बराच वेळ रडले. पण त्यानंतर "काहीच झालं नाही" हे वाक्य माझ्या तोंडून परत निघालं नाही. झालं होतं, भरपूर झालं होतं, मी ते मोजत नव्हते. आणि मग पुढच्या वर्षासाठी जे ठरवलं ते वाचनाचं नव्हतं, ते भावाशी बोलून आईच्या दवाखान्याचे दिवस वाटून घेण्याचं होतं. तोपर्यंत तो प्रश्न माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

तुमच्या बाबतीत पण मला असंच काहीतरी दिसेल असं वाटतं. सासूबाई नोव्हेंबरात पडल्या, पण म्हातारं माणूस पडायच्या आधी बऱ्याचदा काही महिने घरातलं काम हळूहळू वाढत असतं, आंघोळीला सोबत लागते, रात्री उठावं लागतं, डॉक्टरकडच्या फेऱ्या वाढतात, आणि घरातली बाई ते इतकं गुपचूप अंगावर घेते की तिचं तिलाच कळत नाही. पहाटेचं चालणं कुठल्या महिन्यात सुटलं ते कालनिर्णयवर बघा. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या, पण बघा.

एक जपायचं. मागे वळून बघणं आणि उगाळत बसणं यांत फरक आहे आणि तो फार बारीक आहे. सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर यावर संशोधन केलं, की दुःखात माणूस "माझंच असं का होतं, मी अशी का आहे" हे घोळवत राहिला की दुःख लांबतं आणि मार्ग सुचणं कमी होतं. म्हणून कागदावर "का"ने सुरू होणारे प्रश्न पहिल्या बैठकीत नकोत. काय, केव्हा, कुठे, कोणासोबत, एवढेच. "परीक्षेचा अभ्यास मी का केला नाही" याला उत्तर येतं आळशी, आणि त्याने काहीच हाती लागत नाही. "पुस्तक शेवटचं केव्हा उघडलं, कुठे बसून, किती वाजता" याला उत्तर येतं की एप्रिलमध्ये, जेवणाच्या टेबलावर, रात्री साडेदहाला, आणि मग सासूबाईंनी हाक मारली. याच्यावर काम करता येतं. आणखी एक साधी युक्ती, फार भरून येत असेल तर तो महिना "ती" करून लिहा, स्वतःचं नाव घालून, "एप्रिलमध्ये तिने फॉर्म भरला" असं. इथन क्रॉस आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी दाखवलंय की असं जरा लांबून लिहिलं-बोललं की माणूस भावनेत कमी वाहून जातो. मला सुरुवातीला हे कृत्रिम वाटायचं, पण कितीतरी जणांचा पेन तिथेच चालू झालेला मी बघितलाय.

बसायचं किती, तर पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये मनात दडपलेलं लिहून काढण्यावर जे मूळ काम केलं त्यात पण रोज पंधरा मिनिटं आणि चार दिवस एवढंच होतं. एका रविवारी सगळं वर्ष उरकायला गेलात तर डोकं दुखेल आणि मार्चपर्यंत येऊन वही बंद होईल.

आता बदलाकडे येते. कागद भरला की त्यात काहीतरी परत परत येताना दिसतं. एक उदाहरण देते, माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत. वेर्णा औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करणारे एक गृहस्थ, तीन वर्षं एकच संकल्प, दारू कमी करायची, आणि दर वर्षी फेब्रुवारीत मोडला. त्यांना मी जीपेचं स्टेटमेंट काढायला लावलं आणि बारमधल्या प्रत्येक पेमेंटला पेन्सिलने खूण करायला सांगितली. त्यांची खात्री होती की हे शनिवार-रविवारचं, मित्रांबरोबरचं आहे. खुणा निघाल्या बुधवारी, मंगळवारी, सोमवारी, वेळ रात्री अकरा चाळीस, अकरा पन्नास, आणि लागोपाठ सहा दिवस, मग दोन आठवडे काही नाही. सेकंड शिफ्टचे आठवडे होते ते. घरी बायको-मुलं झोपलेली, ताट झाकून ठेवलेलं, अंधारात एकट्याने जेवायचं, तर त्यापेक्षा वाटेत थांबायचं. बराच वेळ ते त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, मॅडम, मला घरी जाऊन एकट्याने जेवायला नको वाटतं. मग जे ठरलं ते दारूबद्दल नव्हतंच. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात त्यांनी आठ वाजताच्या ब्रेकमध्ये कँटीनमध्ये पोटभर जेवायचं, मुलगी त्या वेळी व्हिडिओ कॉल करणार, आणि रात्री ते जवळच राहणाऱ्या सहकाऱ्याबरोबर एकाच गाडीने परतणार. सगळं सुटलं असं नाही, पण त्या वर्षी फेब्रुवारी पार झाला. अर्थात रोज सकाळपासून प्यावी लागते, हात थरथरतात, अशा स्थितीत हे काम नाही, तिथे एकदम बंद करणं सुद्धा धोक्याचं असतं आणि डॉक्टरच लागतात.

म्हणजे तुमच्या कागदावर पण जे परत परत दिसेल ते शोधा, आणि पाच गोष्टी ठरवू नका. एक. हे मी फार आग्रहाने सांगते. आणि ती पाचांतलीच असली पाहिजे असं काही नाही. वजनाची गोष्ट खरंच तुमची आहे की कोणाच्या लग्नात कोणी काहीतरी बोललं म्हणून वहीत आली, तेही विचारा स्वतःला. काही बरण्या यंदा भरायच्याच नसतात. मोबाईल कमी करणं मी तुमच्या जागी असते तर खोडूनच टाकलं असतं, नवरा जहाजावर असताना तो फोन म्हणजे तुमचं अर्धं घर आहे.

मन तयार झालं की मग करेन, उत्साह आला की मग, असं थांबू नका. आपल्या गोव्यातच पर्वरीच्या संगाथ संस्थेने मोठा अभ्यास केलाय, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, तीव्र नैराश्याचे, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, सहा ते आठ बैठका, आणि भर कशावर, तर रुग्णाने आधी छोटी छोटी कृती परत सुरू करायची, मन मागनं येतं. ज्यांना हे मिळालं त्यांचं नैराश्य तीन महिन्यांनी नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. इतक्या खचलेल्या माणसांना कृतीपासून सुरुवात करून बरं वाटू शकतं, तर आपण उत्साहाची वाट बघण्यात जानेवारी घालवू नये.

आणि ती कृती जागेला बांधा. "अभ्यास करेन" हे हवेत राहतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी "अमुक झालं की मी तमुक करेन" या साच्यात ठरवण्यावर पुष्कळ काम केलंय, २००६ मध्ये ९४ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा नुसत्या इच्छेपेक्षा याने बराच फरक पडतो असं दिसलं. तुमच्याकडे तर जागा आयती आहे. फोंडा ते पणजी बसमध्ये रोज पाऊण-एक तास जातो, घरात तुम्हाला असा अखंड वेळ कोणी देणार नाही. "बसमध्ये सीट मिळाली की पर्समधली नोट्सची दोन पानं काढेन, आणि उभं राहावं लागलं तर आदल्या दिवशीचं कानात ऐकेन." उभं राहावं लागण्याची सोय आधीच केलेली बघा, कारण आठवड्यातनं दोनदा तरी तसंच होणार. मी परीक्षेचं उदाहरण घेतलं, तुमच्या कागदावर दुसरंच काही वर आलं तर ते घ्या. सासूबाईंसाठी दुपारची बाई ठेवण्याबद्दल नवऱ्याशी आणि नणंदेशी एकदाच नीट बोलणं, हे पण वर्षाचा बदल असू शकतं, आणि मला विचाराल तर आधी तेच.

एकवीस दिवसांत सवय लागते असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर बघितलं, २०१० साली छापून आलं, सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवस निघाला, कोणाला १८ पुरले आणि कोणाला हिशेबाने २५४ लागतील असं दिसलं. त्यात एक दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. ही शेवटची गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे, कारण लोक चुकलेल्या दिवसाने मोडत नाहीत, चुकल्यानंतर "झालं, संपलं" म्हणतात तिथे मोडतात.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, जगून काय करायचं असे विचार येतात, असं काही असेल तर हा आढावा आत्ता करू नका, कागद ठेवून द्या आणि आधी डॉक्टरांना भेटा. बांबोळीला आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी रुग्णालय आहे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, मोफत, चोवीस तास. तुमच्या पत्रात थकवा दिसतोय, त्याहून जास्त आहे का ते तुम्हालाच माहीत, म्हणून लिहून ठेवलं.

तुम्ही विचारलंय की ३१ला बसू का. नको. त्या रात्री मांडवीच्या पुलापर्यंत गाड्यांची रांग, वाड्यावरची पोरं जुन्या कपड्यांत गवत भरून ओल्ड मॅन करतात, पैसे मागतात, बाराला जाळतात, फटाके, मुलीला पण ते बघायला न्यावं, छान असतं. वर्ष वाचायला शांत सकाळ लागते. एक तारीख चुकली तरी काही बिघडत नाही. नव्या सुरुवातीचा जोर येतो हे खरंय, २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं की नव्या वर्षाला लोक व्यायामाला लागतात, पण त्याच अभ्यासात महिन्याच्या सुरुवातीला, सोमवारी, वाढदिवसानंतरही तोच जोर दिसला. आपल्याकडे तर संवसार पाडवो, म्हणजे गुढीपाडवा, आहेच. तोपर्यंत बरण्या उतरवून झाल्या तरी पुष्कळ.

तेव्हा या रविवारी सासूबाईंचं सकाळचं आटपलं की फक्त गॅलरी आणि कालनिर्णय घेऊन वीस मिनिटं बसा, जानेवारी ते मार्च एवढेच महिने. कागदावर तारीख घाला. एखाद्या महिन्यापुढे काहीच आठवलं नाही, फोटो नाहीत, चौकटी कोऱ्या, तर मुलीला विचारा, "त्या महिन्यात आपल्या घरात काय चाललं होतं गं?" आठवीतल्या मुलांना सगळं आठवतं, आणि ती जे सांगेल ते मध्ये न बोलता तिच्याच शब्दांत लिहून घ्या.